टर्बो नसलेल्या स्पोर्ट्स कारला वेगळे इनटेक मॅनिफोल्ड बसवणे परवडते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिल्या पिढीची टोयोटा ८६ आहे, इंजिन २ लिटरचे एफए२०. एअर फिल्टर आणि एक्झॉस्टचा मागचा भाग बदललेला आहे. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), सिलिंडर हेड आणि हेडर (एक्झॉस्टच्या सुरुवातीच्या नळ्या) कंपनीचेच आहेत. साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान टॉर्कमध्ये जो खड्डा पडतो, तो तुम्हाला खुपतो. आखूड रनरचे (रनर म्हणजे मॅनिफोल्डमधून एकेका सिलिंडरकडे हवा नेणारी नळी) ॲल्युमिनियम मॅनिफोल्ड बसवल्यास १५ अश्वशक्ती वाढेल आणि खड्डाही भरून निघेल, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. तर हा खर्च करावा का?

या अवस्थेतल्या गाडीवर करू नये, असे माझे मत आहे. त्याची कारणे मात्र सविस्तर द्यायला हवीत, कारण हीच कारणे वेगळ्या इंजिनाला लावली तर उत्तर ‘अवश्य करा’ असेही येऊ शकते, आणि मी स्वतः अनेकांना तसे सांगितलेले आहे.

मॅनिफोल्ड म्हणजे हवा वाटून देणारा एक डबा आणि त्याला जोडलेल्या चार नळ्या, अशी बहुतेकांची कल्पना असते. डबा मोठा आणि नळ्या रुंद केल्या की हवा जास्त जाईल, हा निष्कर्ष त्या कल्पनेतूनच निघतो. हवा एका दिशेने सलग वाहत असती, तर तो बरोबरही ठरला असता. दोन लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन ७००० आरपीएमला पूर्ण भरत असेल, तर मिनिटाला ७००० लिटर हवा घेते. पण ती सलग घेत नाही. प्रत्येक सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह त्या वेगाला सेकंदाला ५८ वेळा उघडतो आणि बंद होतो, म्हणजे रनरमधली हवा तितक्याच वेळा धावते, थांबते आणि पुन्हा धावते. पिस्टन खाली जाताना रनरमध्ये कमी दाबाची लहर निर्माण होते. ती ध्वनीच्या वेगाने प्लेनमकडे (मॅनिफोल्डच्या डब्याकडे) जाते, रनरच्या उघड्या तोंडाशी आपटून जास्त दाबाची लहर होऊन परत येते, आणि व्हॉल्व्ह मिटण्याच्या थोडी आधी पोहोचली तर पिस्टन वर निघालेला असतानाही आणखी थोडी हवा आत ढकलते. टर्बो नसलेल्या इंजिनाला इनटेककडून फुकट मिळणारी मदत मुख्यतः हीच असते आणि चांगल्या मॅनिफोल्डचे बहुतेक श्रेय तिलाच जाते.

आता या लहरीचे गणित पाहू. इनटेकमधल्या ऊबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरू, आणि व्हॉल्व्हपासून रनरच्या तोंडापर्यंतची लांबी उदाहरणादाखल ३५ सेंटीमीटर मानू. लहरीला जाऊन येण्यासाठी ७० सेंटीमीटर अंतर कापावे लागते, म्हणजे दोन मिलिसेकंद लागतात. ७००० आरपीएमला क्रँक दर मिलिसेकंदाला ४२ अंश फिरतो. त्यामुळे लहर परत येईपर्यंत तो ८४ अंश पुढे गेलेला असतो. ४००० आरपीएमला तेवढ्याच वेळात तो ४८ अंशच फिरतो. लहरीचा वेळ ठरलेला, व्हॉल्व्ह मिटण्याचा क्षण मात्र आरपीएमबरोबर सरकणारा. म्हणून कोणतीही एक लांबी आरपीएमच्या एका पट्ट्यातच उपयोगी पडते आणि इतरत्र लहर लवकर किंवा उशिरा पोहोचते. समजा, ३५ सेंटीमीटरची लांबी ७००० आरपीएमला नेमकी जुळलेली आहे. तीच ३० सेंटीमीटर केली, तर जुळण्याचा बिंदू सुमारे ८१७० आरपीएमवर जातो आणि २५ सेंटीमीटर केली तर ९८०० वर. प्रत्यक्षात लहर एकदा नव्हे तर अनेकदा ये-जा करते, प्लेनमचा आकारही आपला परिणाम दाखवतो, त्यामुळे खरे आकडे इतके सरळ नसतात. दिशा मात्र हीच राहते. ज्या इंजिनाची रेडलाइन (आरपीएमची कमाल मर्यादा) ७४०० च्या आसपास आहे, त्याचे रनर आखूड केल्यास वाढलेली शक्ती अशा ठिकाणी जाऊन बसते जिथे इंजिन कधी पोहोचतच नाही, आणि मधल्या पट्ट्यातून निघून गेलेला टॉर्क मात्र रोज जाणवतो.

याचा नमुना म्हणून मी नेहमी १९६० सालच्या क्रायस्लर ३००एफचे उदाहरण देतो, कारण तिथे कारखान्यानेच दोन्ही पर्याय दिले होते. नेहमीच्या इंजिनाला सुमारे ७६ सेंटीमीटर लांबीचे रनर होते: ३७५ अश्वशक्ती, आणि कमाल टॉर्क २८०० आरपीएमला ४९५ पाउंड-फूट. दुसऱ्या, दुर्मिळ पर्यायात बाहेरून तसेच दिसणारे मॅनिफोल्ड होते, पण आतल्या भिंती कापून परिणामकारक लांबी निम्म्यावर आणली होती. अन्य काही बदलांसह त्या इंजिनाची शक्ती ४०० अश्वशक्तीवर गेली. टॉर्क मात्र ४६५ पाउंड-फूटवर उतरला आणि तोही ३६०० आरपीएमला मिळू लागला. म्हणजे वर २५ अश्वशक्ती कमावली आणि खाली ३० पाउंड-फूट गमावले. अर्ध्या शतकानंतर फोर्डने २०१२ च्या मस्टँग बॉस ३०२ मध्ये आखूड रनरचे मॅनिफोल्ड, वेगळे हेड आणि कॅम देऊन तोच सौदा केला. नेहमीच्या मस्टँग जीटीच्या ४१२ अश्वशक्तीच्या ४४४ झाल्या, टॉर्क ३९० पाउंड-फूटवरून ३८० वर आला आणि रेडलाइन ७५०० पर्यंत वाढवावी लागली. इतकी साधने हाताशी असलेल्या कारखान्यांनाही वर काही मिळवताना खाली काहीतरी सोडावे लागले. तेव्हा सगळ्या पट्ट्यात वाढ दाखवणारी जाहिरात जपून वाचलेली बरी.

दोन्ही टोके हवी असतील तर रनरची लांबी चालत्या इंजिनात बदलावी लागते. १९९१ साली ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या मझदा ७८७बीच्या रोटरी इंजिनाला लांबी सतत बदलणारे इनटेक होते. पोर्शेचे व्हॅरिओरॅम आणि बीएमडब्ल्यूचे अनेक टप्प्यांचे मॅनिफोल्ड यांच्यामागेही हाच विचार आहे. एखाद्या गाडीला कारखान्याचे असे मॅनिफोल्ड असेल, तर ते काढून एकाच लांबीचे चकचकीत मॅनिफोल्ड बसवणे म्हणजे बहुतेक वेळा स्वतःच्या पैशाने केलेले नुकसान असते. जुन्या गाडीत लांबी बदलणारी आतली झडप किंवा तिला हलवणारे व्हॅक्यूमचे यंत्र निकामी झालेले असते आणि मालकाला मॅनिफोल्डच बेकार वाटू लागते. म्हणून आधी ते तपासावे.

टोयोटा ८६ कडे परत येऊ. हिच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचे रेशो पहिल्यापासून चौथ्यापर्यंत ३.६२६, २.१८८, १.५४१ आणि १.२१३ असे आहेत. ७४०० वर गिअर बदलला, तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन सुमारे ४४७० वर उतरते, दुसऱ्यातून तिसऱ्यात ५२१० वर आणि तिसऱ्यातून चौथ्यात ५८२५ वर. ट्रॅकवर एकदा वेग घेतल्यानंतर गाडी ५२०० च्या खाली क्वचितच येते, म्हणजे खड्डा तिथे फारसा लागतच नाही. रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पुढच्या गाडीला मागे टाकताना तो हमखास लागतो. तुमची तक्रार रस्त्यावरची आहे आणि तुम्हाला सुचवलेला उपाय ट्रॅकवरचा आहे. शिवाय या इंजिनात त्या खड्ड्याचा मोठा वाटा एक्झॉस्टच्या लहरींचा आणि त्या भागातल्या कॅम टायमिंगचा आहे. चांगल्या हेडरबरोबर नीट केलेले रीमॅप (इंजिनाच्या संगणकातल्या इंधन-इग्निशनच्या तक्त्यांची फेरजुळणी) तो बराच उथळ करते, हे या गाडीवर काम करणारे ट्यूनर वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. आखूड रनरने तो भरून निघेल अशी अपेक्षा वर मांडलेल्या गणितात बसत नाही. उलट तो रुंद होण्याची शक्यता अधिक.

खुद्द कारखान्याने काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. २०१७ च्या सुधारणेत अमेरिकेतल्या मॅन्युअल गाड्यांना प्लास्टिकऐवजी ॲल्युमिनियमचे इनटेक मॅनिफोल्ड मिळाले. सोबत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि इंजिनाच्या आतले काही भागही सुधारले गेले. या सगळ्यांतून मिळून शक्ती २०० वरून २०५ अश्वशक्ती झाली, म्हणजे अडीच टक्के. त्याच वेळी मागच्या डिफरन्शियलचा (चाकांपूर्वीच्या शेवटच्या गिअरचा) रेशो ४.१ वरून ४.३ करण्यात आला, आणि त्यामुळे प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक आरपीएमला चाकांपाशी पोहोचणारा टॉर्क सुमारे पाच टक्क्यांनी वाढला. डिफरन्शियल बॉनेट उघडून कोणाला दाखवता येत नाही, म्हणून त्याची चर्चा कमी होते. पण जुन्या गाडीच्या मालकाने मला विचारले तर मी आधी तिकडेच बोट दाखवतो. पुढच्या पिढीत कारखान्याने इंजिनच २.४ लिटरचे केले, आणि कमाल टॉर्क, जो आधी ६४०० च्या पुढे मिळत होता, तो ३७०० आरपीएमलाच मिळू लागला. मझदाने २०१९ च्या एमएक्स-५ मध्ये दोन लिटरच्या इंजिनाची शक्ती १५५ वरून १८१ अश्वशक्तीवर नेली, तेव्हाही इनटेक, थ्रॉटल बॉडी (हवेची मुख्य झडप), पिस्टन, कनेक्टिंग रॉड, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असे सगळे एकत्र बदलले आणि रेडलाइन ६८०० वरून ७५०० केली. एकट्या मॅनिफोल्डवर त्यांनी भिस्त ठेवली नाही.

मग मॅनिफोल्ड बदलणे कधी योग्य ठरते? सर्वांत स्पष्ट प्रसंग म्हणजे इंजिन मूळ मॅनिफोल्डच्या पट्ट्यातून बाहेर पडलेले असणे. जास्त ड्युरेशनचे (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे) कॅम घातले आहेत, हेडचे पोर्टिंग (हवेच्या वाटा घासून सुधारणे) झाले आहे, व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलून रेडलाइन हजारभराने वाढवली आहे, आणि तरीही शक्तीचा आलेख जुन्याच आरपीएमला वाकतो आहे, असे दिसले तर मूळ मॅनिफोल्ड खरोखर आडवे येत असते. अशा इंजिनावर योग्य मॅनिफोल्डने मिळणारी वाढ डोळ्यांत भरण्याइतकी असते, कारण बाकीच्या भागांवर केलेला खर्च तोवर अडकून पडलेला असतो.

दुसरा प्रसंग म्हणजे कारखान्याने जागेपायी केलेली तडजोड. निसान ३५०झेडच्या व्हीक्यू३५डीई इंजिनात प्लेनमचे छत पुढच्या बाजूला उतरते, त्यामुळे पुढच्या दोन सिलिंडरच्या रनरच्या तोंडावर हवेला पुरेशी जागा राहत नाही. वरचा भाग जरासा उचलणारा साधा स्पेसर तिथे इतका लोकप्रिय झाला तो याच कारणाने. या सुधारणेचे मूल्य नुसत्या अश्वशक्तीत मोजू नये. सिलिंडरांना हवा असमान मिळत असेल, तर ज्या सिलिंडरमध्ये आधी नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठोक) सुरू होते त्याच्या बेताने सगळ्या इंजिनाचे इग्निशन मागे, म्हणजे ठिणगी उशिरा, ठेवावे लागते. वाटप सुधारले की ट्यूनरला सगळीकडेच थोडी मोकळीक मिळते. स्पार्क प्लग काढून एका रांगेत ठेवले आणि ठराविक एक-दोन सिलिंडरांचे प्लग बाकीच्यांहून वेगळे दिसले, तर अशा असमानतेची शंका घ्यावी, मात्र आधी त्या सिलिंडरांचे इंजेक्टर तपासून.

तिसरा प्रसंग मला सर्वांत आवडतो: त्याच कुटुंबातल्या वरच्या इंजिनाचे कंपनीचे मॅनिफोल्ड खालच्या इंजिनावर बसवणे. होंडाच्या के मालिकेत २००६ नंतरच्या सिव्हिक एसआयचे आरबीसी मॅनिफोल्ड इतर के इंजिनांवर चढवण्याची पद्धत रुळलेली आहे. जनरल मोटर्सने तर २००१ मध्ये स्वतःच एलएस६चे मॅनिफोल्ड कॉर्व्हेटच्या एलएस१ला दिले, आणि कॅममधल्या बदलासह शक्ती ३४५ वरून ३५० अश्वशक्ती झाली. असा भाग ओतीव असतो, हजारो तास चाचणी झालेला असतो, गॅस्केट सहज मिळते आणि भंगारातून स्वस्तात हाती लागला तर उत्तमच. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी हा या विषयाचा टोकाचा भाग आहे. पेडलला मिळणारा तात्काळ प्रतिसाद आणि आवाज यांसाठी ते हवे असेल तर जरूर घ्यावे, पण प्रति अश्वशक्ती खर्चाचा हिशेब तिथे मांडू नये.

आपल्या गाडीत हवा नेमकी कुठे अडते, याचा अंदाज विकत घेण्यापूर्वी करता येतो. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमधल्या दाबाच्या सेन्सरचे वाचन घ्या. ते वातावरणाचा दाब दाखवते. मग पूर्ण थ्रॉटलवर रेडलाइनपर्यंत तेच वाचन नोंदवा. बंद इंजिनाला १०० किलोपास्कल आणि ७००० आरपीएमला ९८ दिसत असतील, तर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या वाटेत फार काही अडत नाही, आणि मोठी थ्रॉटल बॉडी घेऊन काहीच मिळणार नाही. ९२ किंवा ९३ दिसले, तर दोष मॅनिफोल्डच्या आधी आहे. आधी नळी आणि फिल्टर पाहा. हे वाचन प्लेनमचे असते, रनरमधला अडथळा त्यात दिसत नाही, एवढे लक्षात ठेवावे. फ्लो-बेंचवर (हवा खेचून तिचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) मॅनिफोल्डसह आणि मॅनिफोल्डशिवाय हेड मोजले तर तो अडथळा कळतो. मात्र फ्लो-बेंचची हवा सलग वाहते, लहरींबद्दल ती चकार शब्द काढत नाही. त्यामुळे बेंचवर जिंकलेले मॅनिफोल्ड इंजिनावर हरते, तेव्हा मला त्याचे नवल वाटत नाही.

उष्णतेबद्दल थोडक्यात. ३० अंश सेल्सिअसची हवा १० अंशांनी तापली, तर तिची घनता सुमारे ३.२ टक्क्यांनी घटते, आणि ॲल्युमिनियम हेडची उष्णता प्लास्टिकपेक्षा खूप सहज वर आणते. पूर्ण थ्रॉटलवर हवा इतक्या झपाट्याने जाते की फरक कमी होतो, पण गर्दीत थांबत थांबत चालणाऱ्या गाडीत तो जाणवतो. धातूचे मॅनिफोल्ड घेतलेच तर खाली उष्णतारोधक गॅस्केट घालावे. प्लास्टिक म्हणजे हलक्या प्रतीचे, हा समज सोडून द्यावा. आतून गुळगुळीत, हलके आणि थंड राहणारे मॅनिफोल्ड बनवायला ते फार चांगले साहित्य आहे.

भाग हातात आला की प्लेनम उघडता येत असल्यास आत बोट फिरवून पाहा. रनरचे तोंड कर्ण्यासारखे पसरट आणि गोलाई दिलेले हवे. पत्र्याला भोक पाडून नळी वेल्ड केलेली असेल आणि कड धारदार लागत असेल, तर हवेचा प्रवाह त्या कडेवरून सुटतो आणि नळीचा उपयोगी व्यास प्रत्यक्षाहून बराच कमी उरतो. स्वस्त वेल्डेड मॅनिफोल्ड मी नाकारतो तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते. त्यानंतर सपाट पट्टी ठेवून फ्लँज वाकलेला नाही ना, ते पाहावे. गॅस्केटचा छाप घेऊन रनर आणि हेडचा पोर्ट जुळवावा. रनर पोर्टपेक्षा किंचित लहान असला तर चालतो, पण मोठा असून हेडची कड हवेच्या वाटेत उभी राहत असेल तर ते दुरुस्त केल्याशिवाय बसवू नये. इंजेक्टरचा कोन, ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी, क्रँककेसच्या वाफेची जोडणी आणि बॉनेट मिटते का, या गोष्टी विकत घेण्यापूर्वी विचारायच्या असतात. बसवल्यावर धूर सोडून गळतीची चाचणी करावी. अस्थिर आयडलची बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात. मॅनिफोल्ड उतरलेलेच आहे, तर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर साचलेला कार्बन साफ करून घ्या. केवळ डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या जुन्या इंजिनात नव्या मॅनिफोल्डच्या नावावर जमा होणारी काही अश्वशक्ती खरे तर या सफाईची असते.

यानंतर ट्यूनिंग. एमएएफ सेन्सरवर (आत जाणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणारी गाडी हवा मोजत असल्यामुळे इंधन बऱ्यापैकी सांभाळून घेते. केवळ दाबावरून हवेचा हिशेब करणाऱ्या गाडीत मात्र व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सीचा (सिलिंडर हवेने किती भरतो याचा) अख्खा तक्ता नव्याने भरावा लागतो, नाहीतर मिश्रण चुकते. दोन्ही प्रकारांत इग्निशन आणि कॅम टायमिंग नव्या भरण्यानुसार जुळवल्याशिवाय मॅनिफोल्डचा खरा गुण दिसत नाही. त्यामुळे रीमॅपचा खर्च मॅनिफोल्डच्या किमतीतच धरावा. तो परवडत नसेल तर मॅनिफोल्डही परवडत नाही, असे समजावे.

विक्रेत्याच्या १५ अश्वशक्तींबद्दल एकच विचारायचे: आधीचा आणि नंतरचा आलेख एकाच डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर), एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये घेतला होता का, आणि आधीच्या आलेखातही रीमॅप होते का? जुन्या मॅनिफोल्डवर मूळ ट्यून आणि नव्यावर ताजे रीमॅप अशी तुलना असेल, तर ती वाढ कोणाची, हे ठरवता येत नाही. चाकांवर मोजणाऱ्या डायनोवर त्याच गाडीचे लागोपाठचे आलेखही एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होतात. २०० अश्वशक्तीच्या गाडीत ते दोन ते चार अश्वशक्ती झाले. आलेख २५०० पासून दाखवला आहे की ५५०० पासून, हेही पाहावे. खालचा भाग कापलेला असेल तर तो का कापला असावा, याचा अंदाज वर दिलेल्या गणितावरून येईल.

तुमच्या गाडीसाठी मी सुचवलेला क्रम असा आहे. प्रथम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कायम ठेवणारा चांगला हेडर आणि त्यासोबत रीमॅप. त्याने रस्त्यावरची तक्रार बरीच कमी होईल आणि उत्सर्जनाची चाचणीही अडचणीत येणार नाही. त्यानंतरही ओढ कमी वाटली तर ४.३चे डिफरन्शियल. मॅनिफोल्डचा विचार कॅम बदलून रेडलाइन वाढवायची ठरलीच तर करावा, आणि तेव्हा ते कॅम बनवणाऱ्याला किंवा इंजिन बांधणाऱ्याला विचारून, रनरची लांबी आकड्यांत मागून घ्यावे. काही ठिकाणी इनटेकमधला बदलही उत्सर्जनाच्या नियमांत मोडतो. कॅलिफोर्नियात तर भागाला मंजुरीचा क्रमांक असावा लागतो. म्हणून मूळ मॅनिफोल्ड गॅस्केट आणि बोल्टांसह बांधून जपून ठेवावे.